अमेरिकेची सरहद्द आणि आपला सातपुडा

अमेरिकेच्या पश्चिम प्रदेशातील साहसाच्या गोष्टी आमच्या विद्यार्थ्यांस फार आवडतात. घोड्यावर स्वार झालेला गुराखी, कापडी छताच्या गाड्यांचा तांडा आणि टेकडीआडून बाण सोडणारा, डोक्यास पिसे खोवलेला ‘तांबडा इंडियन’, ही चित्रे पुस्तकांतून व पडद्यावरून बहुतेकांच्या ओळखीची झाली आहेत. या गोष्टींत गाडीतील माणसाचे नाव, गाव, बायकामुले सर्व काही कळते. बाण सोडणाऱ्याचे नावही कळत नाही. तो कोण होता, त्या टेकडीवर त्याच्या किती पिढ्या गेल्या होत्या, आणि गाड्यांचा तांडा आला नसता तर त्या दिवशी तो काय करीत असता, हे प्रश्न गोष्ट सांगणाऱ्यास पडत नाहीत. ते आम्ही येथे विचारणार आहोत. ते विचारताना अमेरिकेपेक्षाही आपल्या वऱ्हाडाकडे अधिक पाहणार आहोत. वडनेर भोलजीहून उत्तरेस पूर्णा नदी ओलांडून गेले म्हणजे सातपुड्याची जी निळी रांग दृष्टीस पडते, तीही अशीच एक सरहद्द होती. आणि काही अंशी आजही आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ स्पष्ट केला पाहिजे. सरहद्द म्हटली की दोन राज्यांमधील सीमा आपल्या मनात येते. अमेरिकेच्या इतिहासात तिचा अर्थ निराळा आहे. जेथे नांगरलेली जमीन संपते व न नांगरलेली सुरू होते, ती तेथील सरहद्द. ही रेषा स्थिर नसे. दर पिढीस ती पश्चिमेकडे सरकत गेली. १८९० सालच्या खानेसुमारीनंतर तेथील सरकारने असे जाहीर केले की, आता अशी अखंड रेषा दाखविता येत नाही. १८९३ साली फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या इतिहासकाराने त्यावर एक निबंध वाचला व अमेरिकन स्वभावाची सारी घडण या सरकत्या रेषेवर झाली असे प्रतिपादन केले. निबंध प्रसिद्धीस आला, आणि योग्य कारणाने आला. परंतु त्यात पश्चिमेकडील जमीन ‘मोकळी’ होती असे गृहीत धरले होते, आणि ती तर मोकळी नव्हती. तेथे शेकडो जमाती, आपापल्या भाषा बोलत, शिकार करीत, मका पेरीत, पिढ्यान्‌पिढ्या राहत होत्या.

त्यांस ‘इंडियन’ हे नाव मिळाले तेही आपल्यामुळेच. १४९२ साली कोलंबस हिंदुस्थानचा मार्ग शोधीत निघाला, वाटेत त्यास भलतीच भूमी लागली, आणि तेथील रहिवाशांस त्याने हिंदुस्थानचे लोक समजून हाक मारली. ती चूक पाच शतके टिकली. ज्यांस जग नॅव्हाहो म्हणते ते लोक स्वतःस ‘दिने’ म्हणतात. त्या शब्दाचा अर्थ ‘लोक’ एवढाच आहे. आपल्या सातपुड्यातही हेच आढळते. ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. म्हणून ‘कोरकू’ म्हणजे माणसे. इतरांनी कोणतेही नाव दिले तरी प्रत्येक समाज स्वतःस प्रथम माणूस म्हणून ओळखतो, ही गोष्ट पुढील सर्व हकिकत वाचताना विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी.

अमेरिकेच्या व वऱ्हाडच्या इतिहासाचे धागे एकाच वर्षी हाती धरता येतात. ते वर्ष १८०३. त्या वर्षी संयुक्त संस्थानांनी फ्रान्सकडून लुइझियाना नावाचा, मिसिसिपी नदीच्या पश्चिमेचा अफाट मुलूख दीड कोट डॉलरांस विकत घेतला आणि देशाचे क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट झाले. त्याच वर्षी वऱ्हाडात काय घडले? २९ नोव्हेंबर रोजी अडगावच्या मैदानावर आणि १५ डिसेंबर रोजी मेळघाटातील गाविलगड किल्ल्यावर आर्थर वेलस्ली याच्या सैन्याने भोसल्यांचा पराभव केला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला व वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांच्या हातून निघून निजामाकडे गेला. एके ठिकाणी खरेदीखत झाले, दुसऱ्या ठिकाणी तह झाला. मिसुरीच्या काठी रानरेड्यांची शिकार करणाऱ्यास, किंवा गाविलगडाच्या पायथ्याशी मोहाची फुले वेचणाऱ्या कोरकूस, आपली भूमी कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली हे कोणी सांगितले नाही, आणि विचारले तर नाहीच.

अमेरिकेत त्यानंतर जे घडले ते थोडक्यात सांगतो. १८३० साली अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या कारकिर्दीत, पूर्वेकडील जमातींस मिसिसिपीपलीकडे हलविण्याचा कायदा झाला. त्यान्वये १८३८-३९ च्या हिवाळ्यात चेरोकी जमातीच्या सुमारे सोळा हजार माणसांस सैन्याच्या पहाऱ्यात शेकडो मैल चालविण्यात आले. त्यांपैकी अदमासे चार हजार थंडी, उपासमार व रोगाने मरण पावली. त्या मार्गास ‘अश्रूंची वाट’ असे म्हणतात. १८६२ साली दुसरा मोठा कायदा झाला: जो कोणी १६० एकर सरकारी जमीन घेऊन पाच वर्षे तेथे राहील व ती कसील, त्यास ती जवळजवळ फुकट मिळावी. गरीब शेतकऱ्यास हे मोठेच वरदान होते, आणि या कायद्याने पुढे सुमारे सोळा लाख कुटुंबे जमिनीची मालक झाली. १८६९ साली पूर्व व पश्चिम किनारे लोहमार्गाने जोडले गेले. बायसन म्हणजे तिकडचा प्रचंड रानरेडा, आपल्या सातपुड्यातील गव्याचा दूरचा भाऊबंद. मैदानी जमातींचे अन्न, वस्त्र, तंबू सर्व काही त्यावर अवलंबून असे. कोट्यवधींच्या संख्येने असलेला हा प्राणी कातड्यांच्या व्यापारापायी एका पिढीत हजाराच्या आत आला. बायसन संपला तेव्हा त्यांच्या लढण्याचे बळही संपले. उरलेल्यांस सरकारने आखून दिलेल्या ‘राखीव’ मुलुखांत ठेवले. आणि १८८७ च्या कायद्याने तीही जमीन तुकड्यांनी वाटून उरलेली विकावयास काढली. त्या वर्षी त्यांच्याकडे असलेली सुमारे १३ कोटी ८० लक्ष एकर जमीन १९३४ पर्यंत ४ कोटी ८० लक्ष एकरांवर आली.

येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या लक्षात यावी. गोष्टींच्या पुस्तकांत सरहद्द बंदुकीने सरकते. प्रत्यक्षात बंदुकीचे काम थोडे व नांगराचे, आगगाडीचे, बाजारपेठेचे आणि कायद्याच्या कागदाचे काम फार मोठे होते. नांगर धरणारा मनुष्य बहुधा दुष्ट नव्हता. तो कर्जबाजारी, कष्टाळू, पोराबाळांचा धनी होता. ही बाजू समजली नाही तर आपल्याकडील इतिहासही समजणार नाही.

आता वऱ्हाडाकडे वळू. जुन्या काळापासून या प्रांताचे तीन भाग मानितात. दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगरावरचा पठारी मुलूख तो बालाघाट. मध्ये पूर्णेच्या खोऱ्याची काळी सपाट जमीन तो पयनघाट, ज्यात मलकापूर, नांदुरा व आपले वडनेर येते. आणि उत्तरेस सातपुड्याचा डोंगराळ भाग तो मेळघाट. पयनघाटातील शेती फार पुरातन आहे. अमेरिकेच्या मैदानांप्रमाणे येथे नांगर नव्याने आला नाही. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पेंढाऱ्यांच्या स्वाऱ्या, दुष्काळ व मक्तेदारांची जुलमी वसुली यांनी कित्येक गावे ओस पडली होती आणि काळ्या जमिनीत गवत माजले होते. १८५३ साली, फौजेच्या खर्चाच्या थकलेल्या कर्जापोटी, निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या ताब्यात दिला. तेथून आपल्याकडील नांगर पुन्हा वेगाने चालू लागला.

त्याचे मोठे कारण अमेरिकेतच होते, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. १८६१ साली अमेरिकेत उत्तर व दक्षिण संस्थानांमध्ये यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि मँचेस्टरच्या गिरण्यांस मिळणारा तिकडचा कापूस बंद झाला. गिरणीवाल्यांची नजर मग वऱ्हाडच्या कपाशीवर गेली. भाव चढले, जो शेतकरी ज्वारी पेरीत असे तो कपाशी पेरू लागला. याच सुमारास, १८६१ पासून, मुंबई इलाख्याच्या रयतवारी धर्तीवर शेतांची मोजणी होऊन प्रत्येक शेत कसणाऱ्याच्या नावे लागू लागले व सारा तीस वर्षांपुरता ठरू लागला. भुसावळहून निघालेला लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाव करीत १८६७ साली नागपूरला पोहोचला. जलंब ते खामगाव ही शाखा १८७० साली गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाली आणि खामगावची कापसाची पेठ देशभर नावारूपास आली. अमेरिकेत युद्ध १८६५ साली थांबले, भाव कोसळले, कित्येक व्यापारी बुडाले. परंतु कपाशी वऱ्हाडच्या मातीत राहिली ती राहिलीच.

म्हणजे १८६० ते १८७० या एकाच दशकात दोन्हीकडे जमिनीचा कायदा झाला, मोजणीची साखळी फिरली, रूळ पडले आणि दूरच्या बाजारासाठी पीक उभे राहिले. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरची शेती, पक्की विहीर, घराचा चौसोपी वाडा यांचा पाया त्याच काळी घातला गेला. त्याबद्दल पूर्वजांच्या कष्टांचा अभिमान बाळगण्यात काहीच गैर नाही. परंतु जमाखर्चाच्या वहीस दोन बाजू असतात. बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून देशभर फिरणाऱ्या बंजारा तांड्यांचा धंदा आगगाडीने बुडविला. गावोगावची गवताळ कुरणे नांगराखाली गेली. आणि डोंगरातील माणसांच्या वाट्यास जे आले ते तर आपल्या वहीत लिहिलेलेच नाही.

मेळघाटात नांगर फारसा चढला नाही. तेथे दुसरीच रेषा आली. लोहमार्गास सागाची लाकडे हवी होती आणि सरकारास जंगल टिकवावयाचे होते. १८६५ साली हिंदुस्थानचा पहिला वनकायदा झाला. दुसऱ्याच वर्षी मेळघाटातील बैरागड व गुगामळ येथील जंगले राखीव ठरली. १८७८ चा कायदा अधिक कडक होता आणि १९२७ चा कायदा त्याच पायावर उभा राहिला. जंगल राखणे ही चांगली गोष्ट आहे. ते राखले नसते तर आज सातपुडा उघडाबोडका दिसला असता, आणि पूर्णेस मिळणाऱ्या नद्यांचे काय झाले असते ते सांगावयास नको. परंतु ज्या जंगलात कोरकू झाडे तोडून, जाळून, राखेत कोदो-कुटकी पेरीत असे, मोह, चारोळी, मध गोळा करीत असे, गुरे चारीत असे, ते एका जाहीरनाम्याने सरकारी झाले. काल जे राहणे होते ते आज अतिक्रमण झाले. काल जे वेचणे होते ते आज चोरी झाली.

‘राखीव’ हा शब्द येथे विचार करण्यासारखा आहे. अमेरिकेत माणसांस राखीव मुलुखात कोंडले. सातपुड्यात मुलूखच राखीव केला आणि माणसे त्यात परवानगीने राहणारी पाहुणी ठरली. अमेरिकेत झाल्या तशा कत्तली येथे झाल्या नाहीत. तेथील वसाहतवाले समुद्रापलीकडून आले, तर पयनघाटचा कुणबी व मेळघाटचा कोरकू शतकानुशतके शेजारी होते आणि एकाच बाजारात बसत होते. हे फरक मोठे आहेत. ते पुसून टाकून दोन्ही इतिहास सारखेच म्हणणे खोटेपणाचे होईल. साम्य एकाच ठिकाणी आहे. दोन्हीकडे जे तेथे आधीपासून होते त्यांस विचारल्यावाचून भूमीचे नाव, मोल आणि मालक बदलले.

देश स्वतंत्र झाल्यावरही ही रेषा लगेच मिटली नाही. जुन्या मध्यप्रांतातून आलेल्या यादीप्रमाणे कोरकू वगैरे लोकांस आदिवासी म्हणून मिळणाऱ्या सवलती विदर्भात मेळघाटासारख्या ठरावीक तालुक्यांपुरत्याच होत्या. एकाच कुळातील दोन भाऊ, एक मेळघाटात राहणारा व दुसरा बुलढाण्याच्या डोंगरात राहणारा, पण सरकारदरबारी पहिला आदिवासी व दुसरा नाही, अशी स्थिती होती. हे क्षेत्राचे बंधन १९७६ च्या कायद्याने उठले. मेळघाट १९७४ साली व्याघ्रप्रकल्पाचा पहिल्या नऊ ठिकाणांपैकी एक झाला. वाघ वाचविणे अवश्यच होते. परंतु त्यासाठी चालू शतकाच्या आरंभी बोरी, कोहा, कुंड यांसारखी गावे उठून खाली आली. अखेर २००६ साली संसदेने वनहक्कांचा कायदा केला व वनवासी समाजांवर ऐतिहासिक अन्याय झाला हे त्याच्या प्रस्तावनेतच मान्य केले. अमरावती जिल्ह्यातील पायविहीर गावाने या कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळवून उजाड टेकडी पुन्हा हिरवी केली आणि तेथील सीताफळे दूरच्या बाजारी पाठविली. जंगल राखणे व जंगलातील माणूस राखणे ही दोन परस्परविरोधी कामे नाहीत, याचा हा पुरावा होय.

येथवर भूमीची गोष्ट झाली. भूमीहून अधिक नकळत हरवणारी दुसरी एक वस्तू आहे. ती म्हणजे भाषा. हीच या लेखातील मुख्य गोष्ट आहे, आणि ती आपल्या दाराशी आहे.

कोरकू भाषा मराठीच्या कुळातील नाही. तिची जवळची नाती झारखंडातील संथाळी व मुंडारी यांच्याशी आहेत, आणि दूरची नाती थेट कंबोडियाच्या ख्मेर भाषेपर्यंत पोहोचतात. त्या कुळाची ती सर्वांत पश्चिमेकडील शाखा असून २०११ च्या खानेसुमारीत ती बोलणारे सात लाखांवर होते. पण त्याहूनही विलक्षण एक भाषा आपल्या बुलढाणा जिल्ह्यात, वडनेरहून अवघ्या दहा-पंधरा कोसांवर, जळगाव जामोद तालुक्यात जामोद, सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा अशा पायथ्याच्या गावांतून बोलली जाते. ती निहाली. निहाल लोक कोरकूंचे शेजारी; सरकारी यादीतही त्यांची नोंद कोरकूंबरोबरच आहे. ग्रिअर्सनसाहेबांच्या भाषापाहणीत १९०६ साली या भाषेचे वर्णन छापले गेले व ती मुळात कोरकूच्या कुळातील असावी असा तर्क करण्यात आला. १९६२ साली कुइपर या डच पंडिताने तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि दाखविले की, तिच्यातील पुष्कळ शब्द कोरकूतून, काही द्राविडी भाषांतून, काही आपल्या मराठी-हिंदीतून आलेले असले तरी सुमारे एक चतुर्थांश शब्द असे उरतात की जे जगातील कोणत्याही ज्ञात भाषेशी जुळत नाहीत.

याचा नमुना मुलांनी स्वतः पाहावा. निहालीत एक, दोन, तीन, चार, पाच यांस साधारणपणे बिदुम, इरार, मोथो, नालो, पाचो असे म्हणतात. ‘पाचो’ आपलाच आहे हे कोणीही ओळखील. इरार, मोथो, नालो हे कानडी-तेलुगू जाणणाऱ्यास ओळखीचे वाटतील. कानडीतील दोन, तीन, चार म्हणजे एरडु, मूरु, नाल्कु. आणि ‘बिदुम’? त्यास कोणी नातलग नाही. कोरकूत एकास ‘मिया’ म्हणतात, त्याच्याशीही तो जुळत नाही. एका हाताच्या पाच बोटांवर शेजाऱ्यांशी झालेल्या हजारो वर्षांच्या देवघेवीचा इतिहास मोजता येतो, आणि पहिल्या बोटावर असा एक शब्द उभा आहे की जो कदाचित कोरकू, द्राविडी व आर्य या तिन्ही भाषा येथे येण्यापूर्वीचा असावा. ताम्रपट व शिलालेख जपून ठेवण्यासाठी आपण संग्रहालये बांधतो. हा शब्द जपणारे संग्रहालय म्हणजे दोन-अडीच हजार माणसांच्या जिभा, एवढेच आहे. खानेसुमारीच्या छापील तक्त्यांत दहा हजारांहून कमी लोकांची भाषा स्वतंत्र दाखवीत नाहीत. त्यामुळे तेथे निहालीस रकानाही नाही.

अशी भाषा मरते कशी? तिला कोणी बंदी करावी लागते असे नाही. तथापि अमेरिकेत बंदीही झाली, आणि ती शाळांतून झाली. आम्ही शिक्षक असल्याने, आणि त्यातही मिशनच्या शाळेत शिकून शिक्षक झालो असल्याने, हा भाग टाळून पुढे जाणे आम्हांस योग्य वाटत नाही. १८७९ साली पेन्सिल्व्हेनिया संस्थानातील कार्लाइल गावी रिचर्ड प्रॅट या सैन्यातील अधिकाऱ्याने मूळ अमेरिकन मुलांसाठी निवासी शाळा काढली. दूरदूरच्या राखीव मुलुखांतून मुले आणून त्यांचे केस कापले, नावे बदलली, आणि आपली भाषा बोलल्यास शिक्षा केली. तिच्या नमुन्यावर सरकारने व चर्चनेही पुष्कळ शाळा चालविल्या. चालविणाऱ्यांपैकी अनेकांचा हेतू मुलांचे कल्याण हाच होता. परंतु कार्लाइलची शाळा १९१८ साली बंद झाली तेव्हा तिच्या आवारात दीडशेहून अधिक मुलांची थडगी उरली होती. आणि जी मुले जगली त्यांतील कित्येक घरी गेल्यावर आजीशी बोलू शकत नव्हती. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी या शाळांबद्दल राष्ट्राच्या वतीने जाहीर क्षमा मागितली. सद्‌हेतूने केलेल्या शिक्षणानेही केवढी हानी होऊ शकते हे यावरून दिसते.

परंतु त्याच इतिहासात दुसरी बाजूही आहे, आणि तीही शिक्षणाचीच आहे. सिक्वोया या चेरोकी गृहस्थास इंग्रजी वाचता येत नव्हते. त्याने स्वतःच्या बुद्धीने आपल्या भाषेसाठी लिपी तयार केली. १८२१ च्या सुमारास ती पूर्ण झाली व थोड्याच वर्षांत हजारो चेरोकी लिहू-वाचू लागले. १८२८ साली त्या लिपीत वर्तमानपत्र निघाले. त्याच्या छपाईकामी साह्य करणारा सॅम्युएल वूस्टर हा मिशनरी चेरोकींच्या मुलुखात राहण्यासाठी जॉर्जिया संस्थानाचा परवाना घेईना, म्हणून १८३१ साली त्यास सक्तमजुरीची शिक्षा झाली. पुढील वर्षी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला, पण तो अमलात आला नाही व अश्रूंची वाट टळली नाही. तरी चेरोकी लिपी आजही जिवंत आहे. नॅव्हाहो भाषेची कथा याहून चमत्कारिक आहे. जी भाषा बोलल्याबद्दल मुलांस शाळेत शिक्षा होई, तीच १९४२ साली अमेरिकन आरमारी सैन्याने मागून घेतली. एकोणतीस नॅव्हाहो तरुणांनी तिच्या आधारे सांकेतिक निरोपांची पद्धत बनविली आणि ती जपान्यांस युद्ध संपेपर्यंत उलगडली नाही.

आपल्याकडे कोरकू वा निहाली बोलण्यावर कोणतीही बंदी नाही. तरीही त्या मागे हटत आहेत, आणि त्याचे कारण आमच्या मते हसणे हे आहे. डोंगरातील मूल खालच्या शाळेत येते, आश्रमशाळेत वा वसतिगृहात राहते. पहिल्या दिवशी त्याच्या तोंडून आपल्या भाषेचा शब्द निघतो आणि वर्ग हसतो. ते मूल दुसऱ्या दिवशी तो शब्द गिळते. दहा वर्षांनी ते मराठी उत्तम बोलते, आणि तीस वर्षांनी त्याची मुले फक्त मराठी बोलतात. मराठी शिकणे त्यास अवश्य आहे. तीवाचून नोकरी नाही, दवाखान्यात दाद नाही, कचेरीत अर्ज नाही. पण एक भाषा शिकण्यासाठी दुसरी टाकावी लागते असे कोठे आहे? आमचे विद्यार्थी घरी वऱ्हाडी बोलतात, शाळेत पुस्तकी मराठी लिहितात आणि शिवाय इंग्रजी व हिंदी शिकतात. एकीमुळे दुसरी गेली असे झाले नाही. आपल्या घरच्या वऱ्हाडीस पुण्यामुंबईकडे कोणी हसले तर आपणांस जे वाटते तेच त्या मुलास वाटते, एवढे जरी आपण ओळखले तरी पुष्कळ झाले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणातही प्राथमिक इयत्तांत शक्य तेथे घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. धोरण कागदावरून वर्गात आणणे हे मात्र शिक्षकांचे, विद्यार्थ्यांचे व पालकांचे काम आहे.

सरहद्द नांगराने सरकते, रुळांनी सरकते, कायद्याने सरकते, तशी ती वर्गातील हसण्यानेही सरकते. यांपैकी पहिल्या तीन गोष्टी मोठ्या माणसांच्या व सरकारांच्या हाती होत्या. चौथी मात्र आमच्या विद्यार्थ्यांच्या हाती आहे. म्हणून त्यांस आमचे सांगणे थोडेच आहे. सातपुड्याच्या पायथ्याचा कोणी मुलगा वा मुलगी तुमच्या बाकावर बसत असेल, तर त्यास त्याच्या घरी पाण्यास, पावसास, आईस काय म्हणतात ते विचारा. ते वहीत लिहून घ्या आणि नीट उच्चारावयास शिका. पालकांस विनंती अशी की, कपाशी वेचण्यासाठी वा सोयाबीन कापण्यासाठी डोंगरातील मजूर आपल्या शेतावर आले म्हणजे त्यांस ‘ए’ म्हणून हाक न मारता नावाने, दादा-ताई म्हणून हाक मारावी. मुले आपले ऐकूनच शिकतात. हे काम लहान आहे. परंतु ‘बिदुम’ हा शब्द आणखी शंभर वर्षांनी कोणाच्या तोंडी राहील की केवळ एका डच पंडिताच्या ग्रंथात राहील, हे अशाच लहान कामांवर ठरणार आहे.